नणंद फिकी पडली

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दुरुस्ती. परवाच्या पानावर मी लिहून ठेवलंय — ‘यंदाची पहिली नणंद आज ताटात आली. सगळ्यांना सणसणीत झोंबली.’ हे चूक आहे. मिरची कुणालाच झोंबली नाही. बाबांना नाही, दादाला नाही, वहिनीला नाही, आणि मला तर नाहीच नाही. ज्या रोजनिशीला माझ्याशिवाय दुसरा वाचक नाही तिच्याशीसुद्धा मी खोटं बोलले! नाटक इतकं रंगलं होतं की हात धुऊन खोलीत आल्यावरही तोंडावरचा रंग उतरला नव्हता, असं समजू.

आता खरं लिहिते.

नणंद म्हणजे आमची मिरची. आई लग्न झाल्यापासून गच्चीवरच्या कुंड्यांत ती लावते, दरवर्षी आदल्या वर्षीचं बी धरून. बोटाच्या पेराएवढी, लालबुंद, आणि खाली लोंबायचं सोडून आभाळाकडे तोंड करून उभी. ‘एवढीशी, पण ताठ उभी राहून भांडणारी, नणंदच आहे,’ असं आई कधीतरी म्हणाली आणि तेच नाव पडलं. बाजारात ही कुठे मिळत नाही. अर्धी टाकली तर अख्ख्या पातेल्याला पुरायची. पुरायची, भूतकाळ.

रविवारी आईने ती वाटून तेलात कालवली आणि प्रत्येकाच्या ताटात बोटभर वाढली. मी जीभ लावली. काही नाही. पुन्हा लावली. गवत चघळल्यासारखं. बाबांनी पाण्याचा जग जवळ ओढून ठेवला होता, तो तसाच राहिला. आई शांतपणे जेवत होती. ती कधीच हूं की चूं करत नाही. मिरचीने रडणारी माणसं तिच्या मते कच्ची. मग तिने मान वर करून विचारलं, ‘कशी उतरलीय यंदा?’

दोन वर्षांपूर्वीच्या तापात आईचं नाक गेलं. कांदा करपला तरी तिला कळत नाही, दूध नासलं तरी कळत नाही, आणि हे कुणाला कळू नये म्हणून ती जी धडपड करते ती मात्र सगळ्यांना कळते. तिच्या हातची बिनतक्रार उरलेली गोष्ट एकच, नणंद.

दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि केलं, ‘हाऽऽय!’

झालं. बाबांनी जग तोंडाला लावला. वहिनी नाक ओढायला लागली. आणि घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली मी ओढणीने डोळे पुसत बसले.


बुधवार, ५ नोव्हेंबर

आजही तेच. बाबांना उचकी लागली. लागली म्हणजे त्यांनी लावून घेतली. हा माणूस जन्मभर पाण्याचा टँकर चालवत राहिला. रंगभूमीचं केवढं नुकसान झालं.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझा पिंड असल्या उद्योगांचा नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ना ते पत्रक, त्याची मुद्रितं मी छापखान्यात तपासते. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. ‘क्वचित चक्कर, क्वचित पुरळ, अतिक्वचित मृत्यू.’ एखाददुसरा शब्द गळला तर पुरळ नेहमीचं आणि मृत्यू क्वचित होऊन बसतो. दिवसभर हे वाचून मला आत्तापर्यंत बहुतेक सगळे दुष्परिणाम होऊन गेलेत, शेवटचा तेवढा बाकी आहे. अशा मुलीने संध्याकाळी घरी येऊन न झोंबलेल्या मिरचीने रडायचं.

दादाला आज जिन्यात गाठलं. म्हटलं, ‘आईला सांगून टाकू.’

‘काय सांगणार? नाक गेलंच होतं, आता हातचा गुणही गेला?’

‘पण रोज खोटं—’

‘तू शिकलेली ना? मग गप्प कसं बसायचं ते कुठल्या इयत्तेत होतं?’

या घरात ‘शिकलेली’ हे माझं नाव आहे. विजेचं बिल जास्त आलं — विचारा शिकलेलीला. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही — विचारा शिकलेलीला. नळ गळतो. शिकलेली आहे ना? मात्र खरं बोलायचं की नाही एवढं एक शिकलेलीला विचारायचं नाही.

वहिनी मागून आली. ‘वन्सं, एवढं मनाला लावून घेऊ नका. कुंडीतली नणंद गोड झाली, आज ना उद्या घरातलीही होईल. मी त्या आशेवर रडते रोज.’

या बाईला घरात आणताना मीच सगळ्यात जास्त नाचले होते.


रविवार, ९ नोव्हेंबर

कारण शोधून काढलं. अर्धं तरी.

आमच्या गच्चीला लागून घड्याळजींची गच्ची. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून घड्याळजी. त्यांच्या स्वतःच्या घरातलं एकही घड्याळ बरोबर चालत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना ढोबळी मिरची लावायचं खूळ लागलं. मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं: मधमाश्या भिंती मानत नाहीत. या फुलावरचं त्या फुलावर नेतात. त्या वर्षीच्या मिरचीला काही होत नाही, तिच्या बियांतून पुढे जे उगवतं त्यात गडबड दिसायला लागते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात. आमच्याकडे वाणही गेला आणि गुणही गेला.

पण सगळं घड्याळजींवर ढकलणं न्यायाचं नाही. तापाआधी आई बियाण्यासाठी ठेवायची प्रत्येक मिरची टोकाला चावून बघायची. झोंबली तर ठेवायची, नाही तर पातेल्यात. तापानंतर काही महिने काहीही खाल्लं की राखेसारखं लागायचं, म्हणून तिने चावणं सोडलं आणि डोळ्यांनी निवडायला लागली. टपोरी कोणती, चकचकीत कोणती, ताठ कोणती. दोन वर्षं केवळ रूपावर निवड. रूपावर निवड केली की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते वहिनी दादाकडे बघत रोजच सांगते.

घड्याळजी भिंतीवरून म्हणाले, ‘तुमच्या आईची मिरची यंदा काय तरारलीय!’

म्हटलं, ‘सगळी तुमचीच कृपा, काका.’

ते इतके खूश झाले की एक ढोबळी माझ्या हातात ठेवली.


सोमवार, १० नोव्हेंबर

बाबांनी आज पाण्याऐवजी साखर मागितली. आईने घाईघाईने चमचाभर दिली. बाबांना डॉक्टरांनी साखर बंद केलीय. नाटकाचं मानधन सुरू झालं म्हणायचं.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज आईने स्वयंपाकघरात वहिनीच्या हातात डाव दिला. म्हणाली, ‘आजपासून चव तू बघत जा.’

वहिनीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, या घरात मीठ किती हे ठरवायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता, तिने मागितलाही नव्हता. ‘मी? आणि तुम्ही?’

‘मी भांडी घासते.’

आईने भांडी घासणं म्हणजे सेनापतीने घोड्याला खरारा करणं. बाटल्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण आहे. भट्टीवरचे लोक तिच्या हातचं खायला डबा घरी विसरून येतात, असं ती म्हणते. तिखटमीठ लावून सांगत असेल, पण कमीत कमी ते तिखट तरी तिचं असतं. वास येईनासा झाल्यावरही ती तिथे टिकली, कारण जीभ शाबूत होती. ‘नाक नोकर असतं, जीभ मालकीण,’ असं ती तेव्हा सगळ्यांना ऐकवायची.

दादा म्हणतो, आई दमलीय. बाबा म्हणतात, वय झालं. मला वाटतं ती रुसलीय. कशावर, ते कळत नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज छापखान्यात एका मलमाचं पत्रक आलं. गुडघेदुखीवरचं, मिरचीच्या अर्कापासून केलेलं. ‘लावल्या जागी दाह जाणवेल.’ मुद्रित मंजूर करायला औषध कंपनीचा माणूस आला होता. मी विचारलं, ‘गुडघ्याला चव कशी कळते?’

मालकांनी कपाळाला हात लावला. तो माणूस मात्र समजूतदार निघाला. म्हणाला, ‘बाई, तिखट ही चव नसते. ती जळजळ आहे. भाजल्यावर कळतं तसं कळतं. कोपराला लावा, कोपरालाही कळेल. कोपराला नाक असतं का?’

मी पुढची तीन पानं न वाचताच उलटली आणि पुन्हा मागे येऊन वाचली.

नाक गेलं तरी तिखट जात नाही! म्हणजे आईला तिखट कळतं. मागच्या वर्षी नणंद थोडी मऊ पडली होती तेव्हा तीच पहिल्यांदा म्हणाली होती, ‘यंदा जरा कमी आहे.’ तेव्हा नाक जाऊन वर्ष झालं होतं! मग यंदाची बिनतिखट आहे हे तिला पहिल्या घासालाच कळलं असणार.

म्हणजे गेले दहा-बारा दिवस ती समोर बसून चार धडधाकट माणसांना गवत खाऊन रडताना बघतेय. आणि शांतपणे भात कालवतेय.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. उचकी बाबांची, पण लाज मला.


शनिवार, १५ नोव्हेंबर

दादा-वहिनीला सांगितलं. वाटलं होतं, आता तरी दोघं थांबतील.

दादा मांडीवर थाप मारून हसला. ‘म्हणजे म्हातारी आपल्याला खेळवतेय! बघतेय आधी कोण दमतो. मग तर मी हटत नाही.’

वहिनी म्हणाली, ‘अहो, सासूबाई खेळवणाऱ्यातल्या नाहीत.’

‘तू दोन वर्षं ओळखतेस. मी जन्मापासून.’

दुपारी त्याने टेबलावर डोकं टेकवून असा हुंदका दिला की बाबांना खरंच काळजी वाटली. आई ताटातलं टाकून उठली. पहिल्यांदाच. अन्न टाकणाऱ्याला ती सात जन्मांचा हिशेब ऐकवते.


रविवार, १६ नोव्हेंबर

कुणीतरी मोजूनमापून काही करायला हवं होतं. केलं. गच्चीवर कुणी नसताना सातही कुंड्यांतली एकेक मिरची चावून बघितली. मला तर मिरेसुद्धा झोंबतात. शेजारी दुधाचा पेला, हातरुमाल, आणि काही झालं तर जिन्याचं दार उघडं.

पहिली — गवत. दुसरी — गवत, किंचित गोड. तिसरी, चौथी, पाचवी तशाच. दिसायला एकाहून एक राजकन्या. सहावीत काहीतरी चुरचुरल्यासारखं वाटलं, पण ती बहुधा माझी आशा असावी.

सातवी कुंडी पाण्याच्या टाकीमागे, सावलीत. आई तिच्याकडे बघतही नाही. मिरच्या लांबट, वाकड्या, अंगावर पिवळट डाग, खाली मान घालून लोंबणाऱ्या. नणंदेच्या घराण्यात शोभणार नाही असलं ध्यान. सहा मिळमिळीत खाल्ल्यामुळे माझं धाडस वाढलं होतं. अर्धी तोडली.

पुढचं नीट आठवत नाही. दूध संपलं. टाकीचा नळ चालू होता आणि माझं तोंड त्याच्याखाली होतं. कानशिलं धडधडत होती, नाकाडोळ्यांतून धारा, आणि मी पत्रकातला सगळा मजकूर आठवत होते: श्वास लागल्यास, घसा सुजल्यास, तत्काळ. मग सुजला नाही हे कळलं आणि मी जमिनीवर बसून हमसाहमशी रडले. झोंबल्यामुळे, आणि खरं सांगायचं तर आनंदाने. नणंद जिवंत आहे! रूप बदलून टाकीमागे लपलीय एवढंच.

वर बघते तर आई. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्याच्या दारात.

‘काय झालं?’

‘मिरची,’ मी म्हटलं. या महिन्यातलं माझं पहिलं खरं वाक्य.

तिने माझ्या डोळ्यांतलं पाणी निरखलं. मग म्हणाली, ‘एकटी असतानाही?’

‘एकटी असताना काय?’

‘काही नाही.’ बादली तिथेच ठेवून ती खाली गेली. कपडे मी वाळत घातले. ही बाई पाऊस आला तरी कपडे वाळत घालून मग पावसाशी भांडते. आज गॅसवर काहीतरी राहिलं असेल म्हणून मी सोडून दिलं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आई आज जेवताना चौकशा करत होती. ‘तुला नेमकं कुठे झोंबतं गं? जिभेला की घशाला?’

प्रश्न वहिनीला होता. वहिनी दचकून म्हणाली, ‘कानात.’

‘कानात?’

‘म्हणजे आधी जिभेला. मग कानात जातं.’

दादाने ठसका लागल्याचं दाखवलं. हा ठसका हसण्याचा होता. बाबा म्हणाले, ‘मला तर टाळूतून वर चढतं.’ आई प्रत्येकाचं ऐकत होती, मान हलवत होती. मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

दादा अजून म्हणतो, खेळवतेय. मला आता तसं वाटत नाही. खेळवणारं माणूस असं कान देऊन ऐकत नाही.


गुरुवार, २० नोव्हेंबर

कामावरून आले तेव्हा आई गच्चीवर होती. सातव्या कुंडीशी, हातात खुरपं. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले. ‘ही नको!’

‘ही तर पहिली जाईल. मग बाकीच्या. घड्याळजींना कुंड्या हव्यात.’

‘आणि नणंद?’

‘आता काय करायचीय मला नणंद?’ ती पालथ्या बादलीवर बसली. खुरप्याची माती काढत राहिली. ‘सोमवारी मॅनेजरला सांगणार आहे. दुसरी बाई बघा म्हणून. घरात सोमवारनंतरच सांगेन, तू तोंड उघडू नकोस.’

‘का पण?’

तिने सांगितलं. सांगायला तिला बराच वेळ लागला, आणि मध्ये दोनदा ती ‘जाऊ दे’ म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने नणंद तोंडात घातली आणि तिला काही झालं नाही. म्हणून तिने विचारलं होतं — ‘कशी उतरलीय?’ — की आम्ही म्हणू, फिकी आहे. मागच्या वर्षीही थोडी कमी होतीच. दादाने ‘हाय’ केलं. बाबांनी जग उचलला. सगळे रडायला लागले आणि तिला काहीच झालं नाही. ‘आधी नाक गेलं. तेव्हा म्हटलं, जीभ आहे. आता तोंडही मेलं. रोज बघते, आज तरी काही होतंय का. तुम्ही घळाघळा रडता आणि मी आपली गवत खातेय. कॅन्टीनमध्ये चार दिवस भाजी चाखून बघायची हिंमतच झाली नाही, तिखट अंदाजाने टाकलं. कुणाच्या पोटात आग पडली तर?’

मी खाली बसले.

म्हणजे आम्ही तिचं मन राखत होतो आणि तिची जीभ मारत होतो. चार माणसं, रोज, पोटभर.

‘आई, मिरची तिखट नाहीच आहे,’ मी म्हटलं. ‘आम्ही सगळे नाटक करतोय.’

ती हसली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मातीचाच. ‘शिकलेली ना तू. बरं वाटावं म्हणून काय काय सुचतं.’

‘अगं खरंच—’

‘आधी मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, कार्टी चेष्टा करतायत. मग रविवारी तुला बघितलं, इथेच. कुणी बघत नसताना माणूस नाटक करतं का?’

‘ती सातवी कुंडी होती! ही!’

‘ही तर ढोबळीची अवलाद,’ आई म्हणाली. ‘हिला कुठलं तिखट?’

म्हटलं, ‘मग खाऊन बघ.’ मी वाकडी मिरची तोडून तिच्यापुढे धरली. आणि आईने, जी नणंद काकडीसारखी खायची त्या बाईने, हात मागे घेतला.

‘नको. हिच्यानेही मला काही झालं नाही, तर मग काही उरणारच नाही बघायला.’

मी आयुष्यात एवढं खरं कधी बोलले नव्हते आणि एवढी खोटी कधी ठरले नव्हते. कारण आमच्या घरात आता खरं हे खोट्यासारखं ऐकू येतं. ते आम्हीच बसवलंय, रोज तालीम करून. खुरपं मात्र मी काढून घेतलं. सातवी कुंडी माझ्या खोलीच्या खिडकीत आहे. आईने वेडाचं सोंग समजून सोडून दिलं असेल.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आईने घरात सांगू नकोस म्हटलं होतं. सांगितलं. शब्द मोडायचा की आईला मोडू द्यायचं, एवढाच प्रश्न होता. चौघांची बैठक भरली दादाच्या मालाच्या गाडीत, काचा वर करून.

बाबा कितीतरी वेळ गाडीच्या छताकडे बघत होते. वहिनी रडली. खरी रडताना ती अगदीच वेगळी दिसते; आवाज होत नाही.

दादा मात्र दादाच. ‘सोपं आहे. ती वाकडी मिरची तिच्या भाजीत गुपचूप टाकू. झोंबली की ओरडेल, आपण म्हणू, बघ आली की नाही जीभ परत! सगळ्यांची अब्रू राहिली.’

बाबांच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड आला. ‘हे बरं आहे.’

‘आणि दुसऱ्या दिवशी?’ मी विचारलं. ‘ती कुंडीतली सुंदर मिरची खाईल, काही होणार नाही. मग?’

‘मग म्हणू, येते-जाते. पावसासारखी.’

‘म्हणजे आता आजारही आपणच ठरवणार तिचा?’

‘तू तर सांगून बघितलंस ना खरं? काय उपयोग झाला?’

वहिनीने रुमालातून तोंड काढलं. ‘आपल्या रडण्यावर त्यांचा विश्वास आहे, बोलण्यावर नाही. एवढंच झालंय.’

दादा म्हणाला, ‘वा, अजून एक शिकलेली.’ पण आवाजात जोर नव्हता. बैठक तिथेच मोडली. ठरलं काही नाही. नाटकातून मागे यायला कुणी तयार नाही. प्रत्येकाला वाटतं, पहिला मीच का.


शनिवार, २२ नोव्हेंबर

आज दुपारी आईने घास घेतला, थांबली, आणि ‘हाय’ केलं. पदराने डोळे पुसले. पाणी प्यायली. टाळूतून वर चढतंय म्हणाली. आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं केलं तिने. इतके दिवस कान देऊन ऐकत होती ते यासाठी. बाबांचा घास हातातच राहिला. टेबलाभोवती पाच माणसं, ताटात गवत, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सोमवारी ती मॅनेजरकडे जाणार.

बोलून उपयोग नाही, आई विश्वास ठेवते तो फक्त डोळ्यांतल्या पाण्यावर, हे कळलं. उद्या, रविवार, २३ नोव्हेंबर. जेवायला सगळे बसले की पहिल्या घासाआधी सहा कुंड्यांतली वाटीभर नणंद मी तिच्यासमोर एकटी खाणार आहे, देठापर्यंत, पाण्याशिवाय. तिच्या तोंडाकडे बघत डोळे कोरडे राहिले पाहिजेत. तेवढं एकच अवघड आहे.